सुटा चपडा, ऑनलाइन पाकीट आणि तयार फ्रेंच पॉलिश: तिन्ही वापरून लिहितोय

शेलॅक म्हणजे लाकडाला पॉलिश करायचा आपला चपडा, लाखेचा. बाजारात तीन रूपात मिळतो. दुकानातून वजनावर सुटा, ऑनलाइन पाकिटात डीवॅक्स्ड (मेण काढलेले) फ्लेक्स, आणि बाटलीत तयार फ्रेंच पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये (पॉलिशवाल्यांचं अल्कोहोल) आधीच विरघळवलेला चपडा. घरी बाल्कनीत चौरंग, पुस्तकांचं रॅक, पेट्या, स्टुलं असलं काहीबाही करत असतो त्यावर तिन्ही लावून झालंय. लिहायचं कारण एवढंच की जगभरातले हौशी लोक व्हिडिओत हाच माल कौतुकाने दाखवतात जो बराचसा आपल्याच देशातून जातो, आणि इथे फर्निचरवाल्याला विचारलं की उत्तर एकच, "ते जुनं झालं साहेब, पीयू मारून घ्या." (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश.)

आधी सुट्याबद्दल, कारण मला तोच आवडलाय. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास रंग-पॉलिशची जुनी दुकानं आहेत तिथे चपडा मागितला की लगेच उलट प्रश्न येतो, लाखदाणा देऊ का चपडा आणि कशावर लावायचाय. हा प्रश्न विचारणाऱ्या दुकानात खुशाल घ्या. लाखदाणा म्हणजे झाडावरून खरवडलेली लाख फोडून धुतलेली, त्यात काडीकचरा आणि रंग जास्त. तोच दाणा कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यासमोर तापवतात, पिशवी पिळतात, गळलेली लाख ताणून पापुद्रा करतात आणि तो मोडला की चपडा. त्याच पातळ लाखेच्या चकत्या पाडल्या की बटन लाख, ती जरा गडद तपकिरी आणि शिसवी लाकडावर फार सुंदर दिसते पण दर वेळी मिळेलच असं नाही.

रंगाचं गणित झाडावर आहे. लाख तयार करणारा किडा तोच, पण पळस आणि बोरीवरची लाख लालसर, कोशिंबावरची जास्त फिकट आणि भावाने चढी. सगळ्यात जास्त पीक झारखंडात, मग छत्तीसगड वगैरे, आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीकडे थोडंफार होतं. पिकावर भाव इतका वरखाली होतो की मी आकडा लिहिला तर पुढच्या महिन्यात लोक मलाच शिव्या घालतील, म्हणून फक्त एवढं सांगतो की ऑनलाइन पाकिटाच्या मानाने सुटा बराच स्वस्त पडतो. लागेल तेवढाच घ्या, शंभर ग्रॅममध्ये एक चौरंग आणि दोन स्टुलं आरामात होतात.

विरघळवायचं प्रमाण: शंभर ग्रॅम चपड्याला चारशे मिली स्पिरिट, म्हणजे परदेशी लोक ज्याला टू पाउंड कट म्हणतात साधारण तेवढं. खलबत्त्यात थोडा कुटून काचेच्या बरणीत टाका, आणि पहिले दोन तास मधून मधून हलवत राहा नाहीतर तळाशी गोळा बसतो आणि मग काडीने ढोसत बसावं लागतं. रात्रभर ठेवा, सकाळी मलमलच्या कापडातून गाळा. आता सुट्या मालात मेण असतं, तीन ते पाच टक्के, त्यामुळे पॉलिश गढूळ दिसतं, घाबरायचं कारण नाही. बरणी काही दिवस न हलवता ठेवली तर मेण खाली बसतं आणि वर चहाच्या कोऱ्या पाण्यासारखं स्वच्छ पॉलिश येतं, ते अलगद ओतून घेतलं की घरचं डीवॅक्स्ड तयार. फुकटात. पॉलिश पातळ असेल तर मेण लवकर बसतं.

एवढा खटाटोप का, तर पुढे वरून पीयू किंवा वॉर्निश मारायचं असेल तरच. मेण असलेल्या थरावर पीयू नीट धरत नाही, पुढे सुटू शकतं. नुसता चपडाच ठेवणार असाल तर मेण राहू द्या, काही बिघडत नाही.

स्पिरिटचं मात्र बघून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं त्यात पाणी किती ते देवच जाणे, आणि पाणी असलं की पॉलिश लाकडावर पांढुरकं पडतं. सीलबंद बाटलीतलं घ्या. सॅनिटायझर चालेल का असं बरेच जण विचारतात, अजिबात नाही, त्यात पाण्याचा भाग खूप असतो. ९९ टक्क्यांचं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालतं, वाळायला जरा जास्त वेळ घेतं पण ब्रशने लावताना ते उलट सोयीचंच. आणि हे सगळं पेट घेणारं आहे, डिनेचर्ड स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकतं, तेव्हा हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस, उदबत्ती काही नको.

आता लावण्याबद्दल, इथे खरी मजा आहे. पहिले दोन हात मऊ केसांच्या चपट्या ब्रशने, एकदा फिरवलं की परत त्याच जागी जायचं नाही, दहा-पंधरा मिनिटांत हाताला सुकतं. मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका. त्यानंतर बोळा. आत कापूस, वर जुन्या धुतलेल्या मलमलचं किंवा धोतराचं कापड, तळाला एकही सुरकुती नको. पॉलिश वरून नाही, बोळा उघडून आतल्या कापसाला पाजायचं, म्हणजे दाबाप्रमाणे बाहेर झिरपतं. पॉलिश तेवढ्याच स्पिरिटने अजून पातळ करून घ्यायचं, बोळा विमान उतरावं तसा तिरका टेकवायचा आणि थांबवायचा नाही, इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखा फिरवत राहायचा. थांबला की तिथे खालचा थर उचलला जातो. बोळा ओढायला लागला, चिकटतोय असं वाटलं की तळाला अळशीच्या तेलाचा एक थेंब. सागाचे रेषे वर यायला लागतात ते बघायला हात दुखेपर्यंत उभा राहतो माणूस. बोळा कामानंतर झाकणाच्या डब्यात ठेवायचा, महिनोन् महिने टिकतो आणि जुना जास्त चांगला चालतो.

ऑनलाइन पाकीट. रंगाला एक नंबर, फिकट सोनेरी, पाइनवर किंवा अ‍ॅशवर लाल झाक नको असेल तर हाच घ्यावा लागेल. विरघळतं स्वच्छ, गाळायला जवळजवळ काही निघत नाही. पण मला एप्रिलमध्ये आलेल्या पाकिटात फ्लेक्स नव्हतेच, एक अख्खी वीट होती, कुठल्या तरी गोडाऊनमध्ये उन्हात एकमेकाला चिकटून बसलेली. अशी लाख नीट विरघळत नाही, तळाला जेलीसारखा थर राहतो. विक्रेत्याचं म्हणणं "फोडून वापरा सर". म्हणून मागवायचं तर थंडीत मागवा आणि पाकिटावर तारीख आहे का ते बघा.

तयार फ्रेंच पॉलिशची बाटली घेऊच नका, स्पष्ट सांगतो. विरघळवलेल्या लाखेचं आयुष्य सहा महिने, फार तर वर्षभर, कारण स्पिरिटबरोबर हळूहळू तिची प्रक्रिया होत राहते आणि मग ती लावल्यावर कडक होतच नाही. मी घेतलेल्या बाटलीवर तारीखच नव्हती. काचेवर एक थेंब टाकला, दुसऱ्या दिवशी नख दाबलं तर खळगा पडला. त्यात राळ मिसळलेली असेल तर ते आणखी वेगळं. ही काचेवरची टेस्ट घरी केलेल्या पॉलिशचीही घ्या, बरणीवर तारीख लिहून ठेवा.

कुठे लावू नये: डायनिंग टेबल, किचनचा ओटा, बाथरूमजवळचं काहीही. गरम कप ठेवला की पांढरं कडं उमटतं, दारू सांडली तर थर विरघळतोच, साबणाचं किंवा अमोनियाचं पाणी पण चालत नाही. देव्हाऱ्याला लावतात, जुने सागवानी देव्हारे बरेचसे याच पॉलिशचे, पण समईच्या ज्योतीजवळची बाजू मऊ पडते आणि अभिषेकाचं पाणी साचलं तर डाग, तिथे खाली तबक ठेवा. (किड्याची लाख देवाला चालते का असं आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं. म्हटलं, पेढ्यावरचा वर्ख पूर्वी जनावराच्या आतड्यात कुटायचे, तो चालायचा ना. त्या अजून बोलत नाहीत नीट.) ज्यांना किड्याचं काहीच नको त्यांनी मात्र दुसरं बघावं, तसं तर ई ९०४ नावाने हीच लाख गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीत पण असते.

पीयूशी तुलना केली तर टिकाऊपणात चपडा हरतो, वाद नाही. पण पीयूला ओरखडा पडला की अख्खा पॅनल घासा, आणि नवा थर जुन्यावर फक्त बसतो, मिसळत नाही. चपड्याचा नवा थर जुन्याला विरघळवून एकजीव होतो. माझ्या पेटीवर किल्ली घासून पांढरी रेघ आली होती, बोळा दोन-चारदा फिरवला, कुठे होती ते आता मलाही दाखवता येणार नाही. कपाचं कडंसुद्धा ताजं असेल तर बोळ्याला नुसतं स्पिरिटचं बोट लावून हलकं फिरवलं की बहुतेक वेळा जातं. मिरजेला तंबोरे-सतारी करणारे अजून लाखेच्या पॉलिशला धरून आहेत ते उगाच नाही.

शिवाय सीलर म्हणून तोड नाही. पॅकिंगच्या पाइनच्या गाठींतून डिंक बाहेर येऊन वरचा रंग पिवळा करतो, गाठीवर दोन हात चपडा मारला की बंद. शिसवासारख्या तेलकट लाकडावर वॉर्निश वाळायला त्रास देतं, आधी डीवॅक्स्डचा एक हात दिला की सुटका.

पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका, कोकणातल्यांनी तर नकोच. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळं दुधाळ. मे महिन्यात उलटा प्रॉब्लेम, ब्रश उचलायच्या आत सुकतं आणि रेघा राहतात. दिवाळी ते होळी हा सीझन धरा. आणि पॉलिश पत्र्याच्या डब्यात भरू नका, लोखंडाने काळपट होतं. काचेची बरणी, आणि तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण, नाहीतर ते असं चिकटतं की बरणी फोडायची वेळ येते.