रत्नागिरीतली सामाईक पडवीची इमारत
दर मजल्यावर सहा घरं आणि सगळ्यांच्या दारांपुढून जाणारी एकच पडवी. रुंदी सहा फूट, म्हणून दोघी तांदूळ निवडत बसल्या तरी तिसऱ्याला वाट उरते. चार फुटांत माणूस अंग चोरून निघून जातो, थांबत नाही. स्वयंपाकघराची खिडकी पडवीकडेच उघडते, हे फार छान. जांभ्याचा कट्टा दीड फूट उंच, म्हाताऱ्यांनाही सहज उठता येतं.

चूक एकच, पण मोठी: पडवी पश्चिमेला. जून ते सप्टेंबर पावसाची झड थेट आत येते, लादीवर शेवाळ धरतं, कट्टा ओस पडतो. तीन फुटी छज्जा आणि पावसाळ्यापुरती ताडपत्री हवीच. चपलांची कपाटंही दाराबाहेर नकोत, दीड फूट वाट तीच खातात.