जुनी झेन, ९९३ सीसी आणि अडीच हजारांचा इन्शुरन्स (वापरानंतरचा अनुभव)

जुनी पण चालवायला मजा येईल अशी गाडी शोधताना लोक मॉडेल बघतात, किंमत बघतात, किलोमीटर बघतात (ते बहुतेक वेळा फिरवलेलेच असतात), आणि इन्शुरन्सचं बघतात सगळ्यात शेवटी, गाडी दारात उभी राहिल्यावर. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली. घरात रोजच्या वापराला एक गाडी आहेच, त्यामुळे ही दुसरी, मारुतीची जुनी झेन, म्हणजे निव्वळ हौस, रविवारी सकाळी पन्हाळा नाहीतर गगनबावड्याच्या बाजूला एक चक्कर, बाकी आठवडाभर कव्हर घालून उभी. अशा गाडीवर दरवर्षी नुसत्या कागदाला नऊ-दहा हजार घालायचे तर हौसेचं मोल जरा जास्तच होतं, आणि घरी उत्तर द्यायचं ते वेगळंच.

तर मुद्दा असा की आपल्याकडे जुन्या गाडीचा इन्शुरन्स म्हणजे जवळजवळ सगळा थर्ड पार्टीचाच (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईचा) पैसा असतो, आणि थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी आहे आणि तो फक्त सीसीवर, म्हणजे इंजिनाच्या आकारावर आहे. गाडी १९९९ची असो की पाच वर्षांपूर्वीची, पेट्रोल असो की डिझेल, तुम्ही कोल्हापुरात राहा की मुंबईत, काही फरक नाही. २०२२च्या जूनपासून लागू झालेले दर धरले तर १००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि १५००च्या वर ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे छोटी गाडी अडीच हजारांच्या आत, मधली साधारण चार हजार, आणि १५०० ओलांडली की थेट सव्वानऊ हजारांच्या पुढे. वरच्या दोन टप्प्यांमधली उडी बघा, दुपटीहून जास्त आहे.

आता हौशी लोकांची आवडती यादी या दरांसमोर ठेवली की गंमत कळते. फोर्ड आयकॉन १.६, ती जोश मशीन, १५९७ सीसी. फियाट पालिओ १.६, १५९६ सीसी. फिएस्टाची १.६ एस पण १५९६. मारुतीची जुनी बलेनो सेदान १५९०. सगळ्या झक्कास गाड्या आणि सगळ्या शंभरेक सीसीसाठी वरच्या टप्प्यात. लाखाच्या आत मिळणाऱ्या गाडीला दरवर्षी जवळपास तिच्या किमतीच्या दहा टक्के इन्शुरन्स! माझा एक मित्र पालिओ १.६ सोडायला तयार नाही, त्याचं म्हणणं ते स्टेअरिंग आणि ते सस्पेन्शन आजच्या कुठल्याच गाडीत नाही, आणि मी चालवलीय, तो खोटं बोलत नाही. पण फियाटचे पार्ट शोधायला तो ज्या चकरा मारतो त्या बघितल्यावर मी नाद सोडला.

उलट होंडा सिटी व्हीटेक, २००० सालच्या आसपासची ती १०६ पीएसची, १४९३ सीसी. सात सीसीनं वाचली. तिला मधला दर लागतो. शंभरच्या वर पॉवर आणि चार हजारांत इन्शुरन्स, या हिशोबानं तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. लान्सर १४६८, तीपण बसते. एस्टीमचं ८५ बीएचपीवालं इंजिन तर १२९८ सीसीचं आणि पहिल्या पिढीतली सुरुवातीची पेट्रोल स्विफ्टसुद्धा १२९८. मग मी सिटी का नाही घेतली? चांगली व्हीटेक आता लोक सोन्याच्या भावानं विकतायत, आणि स्वस्तात जी मिळते ती कुणीतरी लॉवरिंग करून (गाडी खाली बसवून), एक्झॉस्ट कापून, पार वाट लावून ठेवलेली असते. सांगली, इचलकरंजी, पुणे सगळीकडे बघितल्या, एक पसंत पडली ती परवडेना.

शेवटी झेन. ९९३ सीसी, चार सिलिंडर, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन, आणि गाडीचं वजन आठशे किलोच्या आत. माझी नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनची) १६ व्हॉल्व्हवाली, साठ बीएचपी. कागदावर साठ म्हणजे काहीच नाही, पण एवढ्या हलक्या गाडीला ते पुरून उरतं. आणि इथंच सीसीचा खेळ परत दिसतो, कारण त्याच काळातली ऑल्टो १.१ आणि वॅगन आर १०६१ सीसीच्या, त्यांना ३,४१६वाला दर. जुनी सँट्रो ९९९ म्हणून खालच्या टप्प्यात, तिचीच पुढची झिंग १०८६ म्हणून मधल्या. नाव तेच, दर वेगळा.

सगळ्यात मोठा सापळा मात्र झेनमध्येच आहे. झेन डिझेल. तिच्यात पूजोचं १५२७ सीसीचं इंजिन यायचं, म्हणजे तीच चिमुकली गाडी, तोच पत्रा, आणि थर्ड पार्टी ७,८९७. विकणारा सांगतो अ‍ॅव्हरेज बघा, डिझेल आहे, टकाटक. ते अ‍ॅव्हरेजचे वाचलेले पैसे आमच्यासारखा महिन्यातून दोन-चारदा गाडी काढणारा माणूस कधी भरून काढणार? तेव्हा जाहिरातीतलं नाव वाचून फोन करू नका, आरसी बुकाचा फोटो मागवा आणि त्यावरचा क्युबिक कपॅसिटीचा आकडा बघा. सीएनजी-एलपीजी किट असेल तर ते बुकावर चढवलंय का तेही तिथंच दिसतं. थर्ड पार्टीत किटचे साठ रुपये जादा लागतात फक्त, पण बुकावर नसलेलं किट म्हणजे अडचणीच्या वेळी कंपनीच्या हातात आयतं कोलीत.

गाडी बघायला जाताना मिस्त्रीला घेऊन गेलो. इंजिनाचं त्याला टेन्शनच नव्हतं, ही इंजिनं मरत नाहीत म्हणाला, आणि मेलंच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळं होतं. त्यानं आधी डाव्या सीटखालचं मॅटिंग वर ओढलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं फ्लोअरचा पत्रा ठोकत ठोकत पुढं गेला, आवाज कुठं बदलतो ते ऐकत. मग दाराच्या खालच्या कडा, डिकीतली स्टेपनीची जागा. एका गाडीत स्टेपनी उचलली तर खालून रस्ता दिसला, आरसा ठेवल्यासारखं भोक. कोकणात राहिलेली गाडी असेल तर हे हमखास, समुद्राची हवा आणि तो पाऊस, पत्रा आतून खाऊन टाकतो आणि वरून पेंट मारून चकचकीत. घाटावरची, शेडमध्ये उभी राहिलेली गाडी मिळाली तर दहा-पंधरा हजार जास्त गेले तरी चालतील. इंजिन स्वस्तात होतं, पत्र्याचं काम कधी संपतच नाही.

दुसरं म्हणजे पासिंग. पंधरा वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते आणि नंतर दर पाच वर्षांनी. कारची फी आधी सहाशे होती ती २०२२ला पाच हजार झाली, आणि २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे पासिंग संपत आलेली गाडी दहा-वीस हजारांनी स्वस्त दिसत असेल तर ती स्वस्त नाही. माझ्या आधीच्या मालकानं नुकतंच पासिंग करून ठेवलं होतं, त्याच्या बदल्यात त्यानं किमतीत एक रुपया सोडला नाही, बरोबरच आहे त्याचं.

आता इन्शुरन्स घेताना काय झालं ते. एजंटनं आग्रह धरला फुल इन्शुरन्स घ्या, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसानही धरणारा. आयडीव्ही (कंपनीनं धरलेली गाडीची किंमत) काढली साठ-सत्तर हजाराच्या घरात. मी वहीत हिशोब मांडून बघितला. प्लॅस्टिक आणि रबरच्या पार्टला क्लेममध्ये ५० टक्के घसारा, दहा वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी पार्टलाही ५० टक्के, आणि झिरो डेप (घसारा न कापणारा कव्हर) या वयाच्या गाडीला कोण देणार. बंपर दोन हजारांचा आला समजा, त्यातले हजार घसाऱ्यात गेले, राहिलेल्या हजारातून कंपल्सरी डिडक्टिबलचे (दर क्लेमला आपण सोसायचे) हजार गेले, हातात भोपळा. आणि क्लेम केला म्हणून एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) गेला तो वेगळाच. मोठं नुकसान झालं तर खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस, म्हणजे जुन्या गाडीला एक जरा जोराची धडक पुरते. मी नुसता थर्ड पार्टी घेतला. चोरीचा धोका आपल्या अंगावर राहतो हे खरं, म्हणून स्टेअरिंग लॉक लावलाय आणि गाडी गेटच्या आत असते.

पण, आणि हा पण फार मोठा आहे, नुसता थर्ड पार्टी घेणाऱ्या बऱ्याच जणांना एक गोष्ट माहीतच नसते. तुमच्या गाडीत बसलेली तुमची माणसं, बायको, पोरं, मित्र, या पॉलिसीत धरलेलीच नसतात. रस्त्यावरचा माणूस धरलेला असतो, समोरच्या गाडीतला धरलेला असतो. आतला फुकट बसलेला माणूस कायद्याच्या किमान पॉलिसीत येत नाही, सुप्रीम कोर्टाचा २००६चा निकाल तसा आहे. फुल इन्शुरन्समध्ये तो येतो. तेव्हा थर्ड पार्टी घेताना पॅसेंजरचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर मागून घ्या, सीटमागे शंभर रुपयांच्या आसपास जातात, दोन लाखांपर्यंत मिळतो. मालक-ड्रायव्हरचा पंधरा लाखांचा कव्हर तर लागतोच, पण दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत तो घेतलेला असेल किंवा वेगळा काढलेला असेल तर परत घ्यायची गरज नाही, तेवढे पैसे तिथं वाचले. एजंटनं हे पॅसेंजरचं स्वतःहून काही सांगितलं नाही, विचारल्यावर "हां, तो पण करता येतो" म्हणाला. करता येतो म्हणे! एअरबॅग नसलेल्या, एबीएस नसलेल्या गाडीत आपण माणसं बसवतोय, तिथं ते चार-पाचशे रुपये वाचवण्यात काय अर्थ आहे.

एनसीबीबद्दलही एक. माझ्या आधीच्या गाडीचा ५० टक्के एनसीबी माझ्या नावावर होता, तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. मला वाटलं झेनला लावू. पण एनसीबी फक्त ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या) पैशातून वजा होतो, थर्ड पार्टीतून एक पैसाही नाही. म्हणून रिटेन्शन लेटर (एनसीबी राखून ठेवल्याचं कंपनीचं पत्र) जपून ठेवलंय, तीन वर्षांच्या आत कुठली नवी गाडी घेतली तर तिथं त्याचे खरे पैसे होतील. आणि हो, जुन्या मालकाची चालू पॉलिसी आहे म्हणून निवांत राहू नका, गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत ती आपल्या नावावर करायची असते.

चालवायला कशी आहे? खूप खाली बसतो आपण, पाय लांब करून, खिडकीची कड कोपरापाशी. पॉवर स्टेअरिंग नाही, पार्किंगमध्ये घाम काढते, पण गाडी चालायला लागली की रस्ता हातात कळतो. पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्यात ठेवायची आणि आरपीएम वर जाऊ द्यायचे, खाली काहीच नाही तिच्यात, वर गेली की ओरडत ओढते. पन्नास-साठच्या स्पीडला जी मजा येते ती माझ्या रोजच्या गाडीत शंभरला येत नाही, आणि हेच मला हवं होतं, कारण आपल्या रस्त्यांवर शंभर कुठं चालवणार. एसी लावला की मात्र निम्मा जीव जातो. घाटात मी एसी बंदच ठेवतो. हायवेला ट्रक बाजूनं गेला की गाडी हलते, तिथं हिची जागा नाही, पुणे-बंगळूर रस्त्यावर मी तिला शक्यतो नेत नाही.

खर्च सुरुवातीला झाला. टायमिंग बेल्ट आधी बदलला, कारण आधीचा कधी बदललाय हे मालकालाच माहीत नव्हतं. लोअर आर्मचे बुश, पुढचे शॉकअप, चारही टायर. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे टाकले, जुने कडक होऊन चिरा पडल्या होत्या आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, ते जुन्या रबराला मानवत नाही. पार्ट मात्र कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतात, हे फार मोठं सुख आहे. ओपेल कोर्सावाले, आयकॉनवाले दोस्त एका छोट्या सेन्सरसाठी पंधरा दिवस गाडी उभी ठेवतात.

त्रास म्हणाल तर एका ठिकाणी दाराचं रबर बदलून घेतलं तिथं इतकं वाकडं बसवलं की पहिल्याच पावसात पाणी आत, परत दुसऱ्याकडून काढून बसवावं लागलं. आणि स्टेअरिंग रॅकमध्ये थोडा प्ले (ढिलेपणा) आहे, खड्ड्यातून जाताना खट्ट वाजतं. मिस्त्री म्हणतो चालतंय तोवर चालू दे, मला ते पटत नाही, दिवाळीनंतर रॅक उतरवायचाय.

घ्यायची असेल तर २००३नंतरची, पॉवर स्टेअरिंगवाली बघा, तीपण ९९३ सीसीचीच आहे आणि दर तोच लागतो. उंच माणसानं आधी बसून बघा, माझ्या सहा फुटी मेव्हण्याचं डोकं छताला लागतं.