आभा ॲप: केसपेपरची रांग सुटते, फाइल मात्र जपूनच ठेवा

आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही आरोग्याच्या नोंदी डिजिटल पद्धतीने जोडण्याची केंद्र सरकारची योजना. तिच्या आभा ॲपमधली सगळ्यात भरवशाची सोय म्हणजे ‘स्कॅन अँड शेअर’. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती सुरू झाली. ओपीडीच्या भिंतीवरचा क्यूआर कोड ॲपमधून स्कॅन करायचा, रुग्णालयाचं नाव तपासून ‘शेअर’ दाबायचं, की टोकन मिळतं. खिडकीवर नाव, वय, लिंग, मोबाइल आणि पत्ता आधीच पोचलेला असतो. लिपिकाने विभाग निवडायचा आणि केसपेपर छापायचा. टोकनला मुदत असते, म्हणून रुग्णालयात पोचल्यावरच स्कॅन करा.

त्याआधी आभा क्रमांक, म्हणजे तुमच्या डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर हवा. तो १४ अंकी असतो, आधारच्या ओटीपीवर काही मिनिटांत निघतो. पहिली अडचण इथेच येते: आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येणारच नाही. अशा वेळी रुग्णालयात अंगठा लावून आभा काढायची सोय आहे का, ते विचारा. आणि आभा म्हणजे पाच लाखांच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड नव्हे. दोन्ही वेगळी आहेत. आभा दाखवून बिल माफ होत नाही.

आता खरा मुद्दा, म्हणजे जुने रिपोर्ट एका ठिकाणी दिसणं. तुमची कागदपत्रं दिल्लीतल्या कुठल्या एका मोठ्या सर्व्हरवर जमा होत नाहीत. ती ज्या त्या रुग्णालयाच्याच संगणकात राहतात. ॲप फक्त दुवा जोडतं आणि तुमची संमती पोचवतं. ही रचना आम्हाला योग्य वाटते, कारण आजारपणाची माहिती एकाच जागी साठवण्यात मोठा धोका असतो. पण मग सगळा भार रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरवर येतो. ते सॉफ्टवेअर मिशनशी जोडण्याचे तीन टप्पे आहेत: आभा बनवणं व पडताळणं, रिपोर्ट जोडून उपलब्ध करणं, आणि दुसरीकडचे रिपोर्ट संमतीने मागवणं. जिथे पहिलाच टप्पा झालाय तिथे टोकन झटपट मिळेल, पण डिस्चार्ज कार्ड ॲपमध्ये कधीच उमटणार नाही. त्यात तुमच्या फोनचा काही दोष नसतो.

रिपोर्ट न दिसण्याचं दुसरं कारण नोंदणीत दडलेलं असतं. ॲपमधून रुग्णालय शोधून जुने रिपोर्ट जोडायला गेलात, तर मोबाइल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून तुमची नोंद शोधली जाते. केसपेपरवर वय अंदाजाने ‘४५’ लिहिलेलं, मोबाइल पुतण्याचा, नाव आधारपेक्षा वेगळ्या क्रमाने; मग ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ असंच उत्तर येतं. उपाय साधा आहे. पुढच्या भेटीत जुना नोंदणी क्रमांक दाखवा आणि आभा त्यालाच जोडायला सांगा. दर वेळी नवा केसपेपर काढलात तर एकाच माणसाच्या चार नोंदी तयार होतात, आणि त्या नंतर कुणी एकत्र करत बसत नाही.

रिपोर्ट जोडला गेला तरी तो कसा आहे हे महत्त्वाचं. हाताने लिहिलेली चिठ्ठी स्कॅन करून चढवली असेल, तर डॉक्टरांना चित्र दिसतं, आकडे नाहीत. गेल्या वर्षभरातली साखर कशी चढली-उतरली, हे त्यातून एका नजरेत काढता येत नाही. प्रयोगशाळेचं यंत्र थेट सॉफ्टवेअरला जोडलेलं असेल तिथे मात्र हा फरक लगेच जाणवतो.

संमतीचा भाग चांगला केलाय. कोणत्या प्रकारची कागदपत्रं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतची आणि कधीपर्यंत बघू द्यायची, हे रिपोर्ट मागणाऱ्या रुग्णालयाच्या विनंतीत दिसतं. घाईत ‘मंजूर’ दाबू नका. हाडाच्या डॉक्टरांना मानसोपचाराचे कागद दाखवायची गरज नसेल, तर ते वगळा. दिलेली संमती मागेही घेता येते.

रांगेपुरतं म्हणाल तर आजच वापरायला घ्या. शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड, औषधांची ॲलर्जी आणि रक्तगटाचा कागद मात्र प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सोबत न्या, कारण त्या दिवशी जुन्या रुग्णालयाचा सर्व्हर बंद असेल तर ॲपला तिथून काहीच आणता येणार नाही. आभा क्रमांकाची तक्रार असेल तर मदतीचा टोल-फ्री नंबर १४४७७ आहे.