नडगीच्या ओपन फ्रॅक्चरसाठी देशी ट्युब्युलर फिक्सेटर सेट: घ्या, पण क्लॅम्प पारखून

उसाच्या हंगामात ट्रॉलीखाली सापडून मोडलेली, हाडापर्यंत जखम उघडी असलेली (ओपन फ्रॅक्चर) नडगी कोल्हापूरच्या कॅज्युअल्टीला नवी नाही. रात्री ऑपरेशन थिएटरात हाताशी असतो तो मोडलेलं हाड बाहेरून धरून ठेवणारा हाच फिक्सेटर सेट: हाडात बसणाऱ्या ४.५ मिमीच्या आट्यांच्या शांझ पिना, त्या जोडणारी ११ मिमीची ट्यूब, पिन ट्यूबला आवळणारे क्लॅम्प आणि ११ चा पाना.

पिना उत्तम. टोक धारदार, आटे एकसारखे. तरी आधी ३.५ चं ड्रिल मारायचंच. पॉवरवर पिन थेट रेटली की उष्णतेनं भोवतालचं हाड मरतं, पिन सैल होते, पू येतो आणि बोल लागतो तो पिनेला. ड्रिलवर सलाइन सोडत राहा, पिन टी-हँडलनं हातानंच फिरवा. नडगीच्या पुढच्या-आतल्या बाजूनं, जिथं कातडीखाली लगेच हाड लागतं तिथून जा आणि पलीकडची कॉर्टेक्सही (हाडाची बाहेरची कठीण भिंत) पकडा.

खरी रड क्लॅम्पची. वापरून वापरून नटाचे आटे झिजतात, मग घट्ट वाटणारा क्लॅम्प ट्यूबवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेत हाड वाकडं दिसतं. शिरोली आणि उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक भागांत लेथचं काम नजरेनं पारखणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण सर्जिकल दुकानात नट फिरवून बघणारा विरळाच! प्रत्येक क्लॅम्प ट्यूबवर आवळा, पिळून बघा, मगच पैसे द्या.

फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना एक पिन जवळ, एक लांब. ट्यूब हाडालगत, पण सुजेला जागा ठेवून. हललंच तर वर दुसरी ट्यूब. जवळची पिन मात्र जखमेत किंवा फ्लॅपच्या (जखम झाकायला फिरवून आणलेल्या कातडी-स्नायूच्या) वाटेत नको, नाहीतर प्लास्टिक सर्जन आल्यावर तीच आधी काढावी लागते. पाऊल खाली झुकू नये म्हणून पायाच्या अंगठ्यामागच्या मेटाटार्सल हाडासाठी बारीक पिन लागते. ती सेटमध्ये नसते, वेगळी मागा.

बाकीचं काम सेट करणार नाही. पहिल्या तासात सेफाझोलिन हे अँटिबायोटिक २ ग्रॅम, धनुर्वाताचं इंजेक्शन. जखमेत शेतातली माती-शेण असेल तर पेनिसिलिनही. मेलेले स्नायू कापून काढल्यावर साधं सलाइन, गस्टिलो ३ ला (ओपन फ्रॅक्चरच्या वर्गवारीतला सर्वांत गंभीर प्रकार) ९ लिटरपर्यंत, कमी दाबानं. जखम उघडी आहे म्हणून कंपार्टमेंट सिंड्रोम (सुजेनं स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) होणार नाही असं धरू नका.

पुढे फिक्सेटर काढून हाडाच्या आत रॉड घालायचा असेल तर पिनांच्या जागा कोरड्या असताना, दोन आठवड्यांच्या आत.