कामगार कायद्याचा वकील: दहा महिन्यांच्या तारखांनंतर

प्रकरण बडतर्फीचं, पुण्याच्या कामगार न्यायालयातलं. वकीलबाई आधी कारखान्याच्या पर्सोनेल (कर्मचारी) खात्यात होत्या. एलएलबी आणि वकिलीची सनद नंतरची, जोडीला कामगार कायद्याची पदविका. सनदेवर ‘कामगार कायदा’ असं काही लिहिलेलं नसतं, ती सगळ्यांची सारखीच. शिवाय वकिलांना जाहिरातीला बंदी, तेव्हा कुणी स्वतःला ‘तज्ज्ञ’ म्हणवलं तरी त्यावर जाऊ नये. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने शोधून कुठल्या प्रकारचे खटले दिसतात ते बघावं.

खरी उपयोगी पडली ती पर्सोनेलमधली नोकरी. नेमणूकपत्रावर हुद्दा ‘असिस्टंट मॅनेजर’, म्हणून कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी बचाव, ठरलेली: हा कामगारच नव्हे, तेव्हा इथे दाद मागता येत नाही. हुद्दा नाही, प्रत्यक्ष काम बघतात, हे पुस्तकात सगळेच वाचतात. पण रजा मंजूर करणाऱ्याची सही नेमकी कुठल्या कागदावर असते हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी रजेचे अर्ज आणि शिफ्टचं मस्टर हजर करायला लावलं. मग उलटतपासणीत मोजके प्रश्न. रजा कोण मंजूर करायचं? मेमो कोण द्यायचं? मशीनवर कोण उभं राहायचं? पहिल्या दोन्हींना कंपनीच्याच साक्षीदाराला वरच्या साहेबांचं नाव घ्यावं लागलं.

मुदतींच्या बाबतीत बाई पक्क्या. अनुचित कामगार प्रथेची, म्हणजे मालकाच्या गैरवागणुकीची, तक्रार 90 दिवसांत, उशीर झाला तर सबळ कारण हवं. दुसरा रस्ता समेट (तडजोड) घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवसांनी थेट न्यायालयात दाद मागण्याचा. त्याला 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात बडतर्फीपासून तीन वर्षं होती, 21 नोव्हेंबर 2025ला लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत दोनच. पर्यवेक्षकाला कामगार धरायची महिन्याच्या पगाराची मर्यादाही 10,000 वरून 18,000 रुपयांवर गेली. पहिल्या भेटीत हे आकडे अडखळत आले, तर फी देण्याआधी आणखी एखादा वकील बघावा.

खटकलं ते मसुद्यांचं. बडतर्फीच्या काळातला मागील पगार हवा असेल तर बडतर्फीनंतर दुसरीकडे कमाई नव्हती हे कामगाराने आधी सांगावं लागतं. दीपाली सुरवसे यांच्या खटल्याच्या 2013च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. ज्युनिअरच्या पहिल्या मसुद्यात नेमकं तेच वाक्य नव्हतं. त्यात मसुदा इंग्रजीत, आणि हातात पडतो तारखेच्या आदल्या रात्री. परिच्छेद परिच्छेद मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये, बाहेर रिक्षा थांबलेली असली तरी.

फी टप्प्यांची: तक्रार, साक्ष, युक्तिवाद. मिळणाऱ्या रकमेत वाटा मागितला नाही. तसा वाटा बार कौन्सिलच्या नियमांत बसतच नाही, तरी मागणारे भेटतात. साध्या तारखांना ज्युनिअर उभा राहतो, ही अडचण नाही. उलटतपासणीला स्वतः कोण येणार हे मात्र वकीलपत्रावर सही करण्याआधी विचारून ठेवावं. आणि पर्सोनेलमधून आलेल्या वकिलाला हेही: या कंपनीचं किंवा तिच्या ठेकेदाराचं काम कधी घेतलंय का?