स्वतःच्या डिझाइनची सोलापुरी चादर विणून घ्यायची असेल तर

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका गल्लीत छोटा चादर कारखाना आहे, मोजके माग, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, ओळखीतनं ओळखीत लोक येतात. तिथं आपण नेलेल्या चित्रावरून चादर विणून देतात. मी तिथनं माझ्या डिझाइनच्या चादरी करून घेतल्या, आता घरात रोज वापरात आहेत, धुऊन-वाळवून पण झाल्यात, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, काम एक नंबर आहे, वेळ मात्र पाळत नाहीत. आणि मोबाइलवर डाऊनलोड केलेली नक्षी घेऊन जाणार असाल तर नका जाऊ, तसली चादर दुकानात तयार मिळतीय की, दुप्पट-अडीचपट पैसे कशाला घालवायचे. घरातलं काहीतरी, रोज हाताखालनं गेलेलं, असं घेऊन गेलात तरच ह्या सर्व्हिसचा खरा उपयोग आहे.

मी पॅकिंगची आणि लग्नपत्रिकांची डिझाइनं करते. त्या धंद्यात दिवसभर रेफरन्स रेफरन्सच चाललेलं असतं, क्लायंट एक फोटो पाठवतो, अगदी असंच पाहिजे म्हणतो, तो फोटोही कुणीतरी दुसऱ्याचं बघून केलेल्या कामाचा असतो, म्हणून मग शेंगा चटणीचं पाकीट सोलापूरचं असो नाहीतर कुठलंही, दिसायला सगळी सारखीच. चादर माझी स्वतःची होती, कुणी असंच पाहिजे म्हणणारं नव्हतं, म्हणून मी आजीच्या विड्यांचं काहीतरी करायचं ठरवलं.

सोलापुरात विड्या वळून संसार केलेल्या बायका हजारो आहेत, आमची आजी त्यातली एक. विडी कारखान्यातनं तेंदूची पानं आणायची, भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची म्हणजे पान मऊ राहतं नि वळताना फाटत नाही. मग पत्र्याचा छोटा फर्मा पानावर ठेवायचा आणि कात्रीनं त्याच्या कडेनं कापायचं, जाड शीर येणार नाही असा फर्मा फिरवून फिरवून बसवायचा. तंबाखू भरून वळायचं, तोंड मुडपायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा, पंचवीस विड्यांचा एक कट्टा, मजुरीचा हिशेब हजार विड्यांवर. हे सगळ्यांना दिसतं, पण मला लहानपणापास्नं जे आवडायचं ते म्हणजे मांडीखाली पडलेलं कातरण. फर्म्याचा तुकडा निघून गेल्यावर जे पान उरतं ना, त्याची एक कड पानाची मूळची, गोलसर, थोडी वेडीवाकडी, आणि दोन कडा कात्रीच्या, एकदम सरळ, कोपरा धरून. दोन उरलेले तुकडे कधीच सारखे नसतात, तरी सगळे एकाच घरातले वाटतात. आम्ही पोरं ते फरशीवर लावून घरं, मासे, होड्या करायचो. मला तोच आकार चादरीवर पाहिजे होता.

कारखान्याचे मालक अण्णा, साठीच्या पुढचे असतील, घरात तेलुगू बोलतात, आपल्याशी सोलापुरी मराठी. मी लॅपटॉपवर केलेलं डिझाइन दाखवलं, पानाच्या सगळ्या शिरा अगदी बारीक काढलेल्या होत्या. त्यांनी झूम करून बघितलं आणि म्हणाले, "आक्का, हे कागदाला ठीक आहे ओ, चादरीला असलं बारीक बसत नाही. ओरिजनल पान आणा की." मग मी आजीच्या डब्यातलं जुनं कातरण नेलं, त्यांनी ते टेबलावर पसरलं, हातानं सरकवत बसले, आणि आमचं खरं काम तिथनं सुरू झालं.

इथं थोडं तांत्रिक लिहिते, कारण ही सर्व्हिस घेणाऱ्याला हे माहीत असलं तर फार सोपं जातंय. चादरीची नक्षी जॅकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रावर होते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे धागे म्हणजे बाणा. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात, भोक असलं तर तिथला हुक उचलला जातो आणि त्याचा ताण्याचा धागा वर येतो, भोक नसलं तर खाली राहतो, आणि बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड पुढे सरकतं. फ्रान्समध्ये लिऑनच्या जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती पक्की केली, अण्णांकडचे माग अजून त्याच पद्धतीवर चालतात. बऱ्याच ठिकाणी आता कॉम्प्युटरवरची जॅकार्ड आलीत, तिथं कार्ड लागत नाहीत. तर मुद्दा असा की तुमचं चित्र कसंही असो, शेवटी ते हो किंवा नाही, वर किंवा खाली, एवढ्यावरच येतं. म्हणून आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरून काढतात.

आणि तो ग्राफ साधा शाळेतला चालत नाही बरं का. एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, हे सारखं नसतं, त्या हिशेबानं चौकोन उभट नाहीतर आडवे घ्यावे लागतात, नाहीतर कागदावर काढलेला गोल चादरीवर अंड्यासारखा उतरतो. माझ्या पानाची गोलसर कड पहिल्यांदा पायऱ्या-पायऱ्यांची दिसायला लागली. अण्णांनी पेन्सिलनं दोन-तीन चौकोन इकडचे तिकडे केले, बस, तेवढ्यानंच ती कड पानाची वाटायला लागली. शिरा सगळ्या काढून टाकल्या, फक्त तीन ठेवल्या आणि त्याही तिरप्या, कारण एक चौकोन वर एक चौकोन बाजूला अशी तिरकी रेघ विणून स्वच्छ येते. गडद रंगाचा मोठा मोकळा भाग होता तिथं मध्येमध्ये एकेक ठिपका घालायला लावला. मला वाटलं शोभेसाठी, पण तसं नाही, ठिपका नसला तर धागा लांबवर मोकळा राहतो नि पैंजणात, अंगठीत अडकून ओढला जातो. ते ठिपके आता पानावरच्या डागांसारखे दिसतात, तेंदूच्या पानावर तसे डाग खरंच असतात.

दोऱ्याच्या वेढ्यासाठी मला लाल रेघ हवी होती, चारी बाजूंनी. अण्णा म्हणाले आडवी देतो, उभी नको मागू. आडवी रेघ म्हणजे नुसता बाण्याचा रंग बदलायचा, उभी पाहिजे तर ताणा लावतानाच तो रंग घालावा लागतो, मग त्या ताण्यावरच्या सगळ्या मालात ती रेघ येणार. मग फक्त आडव्या दोन ठेवल्या, आणि खरं सांगते तेच बरोबर झालं, कारण विडीलाही दोरा आडवाच बांधतात, उभा नाही.

हे सगळं चाललेलं असताना मला राहून राहून चित्रकार प्रभाकर बरवे आठवत होते. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, पिन असल्या साध्या वस्तू असतात हे आपण बघतो, पण त्यांनी बरीच वर्षं विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी डिझाइन केंद्रात नोकरी केली हे फारसं कुणी बोलत नाही. वस्तूचा फापटपसारा काढून नेमका आकार तेवढा ठेवायची सवय मागाशेजारी काम करून लागू शकते असं मला आता वाटतंय. माझं स्वतःचं डिझाइन तर नक्कीच सुधारलं, हल्ली पत्रिकेचं काम करतानासुद्धा ही रेघ काढून टाकली तर चालेल का असं आधी बघते.

अण्णांकडं जुन्या नमुन्यांची जाड वही आहे, गेलात तर मागून बघा, त्यासाठी पैसे घेत नाहीत. मोर, कळस, वेली तर आहेतच, पण मला आवडले ते गिऱ्हाइकांनी आणलेले नमुने. कुणीतरी शेंगेच्या टरफलावरची जाळी आणली होती, ती मोठी करून विणल्यावर इतकी देखणी दिसतीय की सांगितल्याशिवाय शेंग आहे हे कळत नाही. एकानं घरातल्या शहाबादी फरशीच्या सांध्यांचा नकाशा आणला होता, जशीच्या तशी खोली, उंबऱ्यासकट. एक नमुना नंदीध्वजाचा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत मिरवतात त्या उंच काठीचा आहे, पण त्यात काठी नाहीच, नुसतं टोकावरचं बाशिंग, वरती मान करून बघणाऱ्याला दिसतं तसं. गर्दीत लहान उंचीच्या माणसाला तेवढंच दिसतं, हे ज्यानं सिद्धेश्वर यात्रेत धक्के खाल्लेत त्यालाच सुचणार.

आता मालाबद्दल. कापूस चांगला, वजनदार, थंडीत एक चादर पुरते. दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका बाजूला फिक्या जमिनीवर गडद पानं तर दुसऱ्या बाजूला उलटं. ही उलटी बाजू मी डिझाइन करताना डोक्यातच घेतली नव्हती आणि आता तीच मला जास्त आवडतीय, कारण तिथं पानाच्या जागी पोकळी दिसते, म्हणजे फर्म्यानं कापून नेलेला भाग. पहिल्या धुण्याला लाल रंग थोडा गेला, वेगळीच भिजवा. थोडी आटते, पण सुती आहे, आटणारच.

तक्रारी पण आहेत. रंग त्यांच्याकडं सुताचे जे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले शंकू, शिल्लक असतील त्यातनंच निवडावे लागतात, मला सुकलेल्या तेंदूचा हिरवट तपकिरी पाहिजे होता, मिळाला तो जास्त तपकिरी. एका चादरीत ताण्याचा धागा तुटलेला तसाच राहिला, लांबच लांब बारीक रेघ पडलीय, दाखवल्यावर त्यांनी त्या नगाचे पैसे कमी केले पण मी न दाखवता त्यांनीच सांगायला हवं होतं. आणि उशीर. दिलेली तारीख उलटून गेली तरी फोन नाही, आपणच करायचा, मग मोठ्या ऑर्डरचा ताणा चढलाय असं उत्तर येतं. कुणाला लग्नात द्यायच्या असतील तर तारखेच्या खूप आधी जा.

पैसे असे की ग्राफ नि कार्डांचे एकदाच अडीच हजार घेतले, आणि वर चादरीमागं साडेसातशे. एखादाच नग करत नाहीत, कार्डं पाडायचा खर्च निघत नाही म्हणून कमीत कमी बारा घ्याव्या लागतात. मी बहिणींमध्ये आणि मामींमध्ये वाटून घेतल्या, तसं करा, परवडतंय. कार्डं ते जपून ठेवतात, पुढच्या वेळी फक्त चादरीचे पैसे.

आजीला चादर दाखवली तर तिनं आधी कड बघितली, मग पानावर बोट ठेवून म्हणाली, "हे लई जाड कापलंय, एवढं कातरण टाकलं असतं तर पानं पुरली नसती." पुढच्या ऑर्डरला मी तुकडे बारीक करणार आहे, अण्णांना तसं सांगितलंय, ग्राफ नवा करावा लागेल म्हणाले.

जाणार असाल तर सकाळी जा, दुपारनंतर अण्णा सुताच्या बाजारात असतात. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या आठवड्यात जाऊ नका, कारागीर कामावर नसतात. खरी वस्तू सोबत न्या, फोटो नको. निम्मा अ‍ॅडव्हान्स घेतात, पावती स्वतःहून देत नाहीत, मागून घ्या आणि तिच्यावर रंगाच्या कोनचा नंबर लिहून घ्या.