नेपाली कथा मुळातून: आठ महिन्यांच्या वाचनानंतर

लिपी आपलीच, म्हणून मराठी वाचक बिनधास्त नेपाली पुस्तक उघडतो आणि दुसऱ्याच पानावर अडखळतो. अडखळवतात ते ओळखीचे शब्द. ‘सुन’ म्हणजे सोनं. सुनेला म्हणतात ‘बुहारी’. ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. दीर्घ ‘फूल’ हे फूलच, पण र्‍हस्व ‘फुल’ म्हणजे अंडं. असे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे लिहून ठेवले, तर महिनाभरात निम्मा घोळ मिटतो.

सुरुवात लोककथांपासूनच करावी. आपल्या ‘आटपाट नगर होतं’सारखी तिथे ‘एकादेशमा’ने गोष्ट सुरू होते आणि ‘साठा उत्तराच्या कहाणी’च्या जागी शेवटी येतं: ‘सुन्नेलाई सुनको माला, भन्नेलाई फूलको माला, यो कथा वैकुण्ठ जाला...’ ऐकणाऱ्याला सोन्याची माळ, सांगणाऱ्याला फुलांची, ही कथा वैकुंठाला जावो. ‘लाई’ म्हणजे आपला ‘ला’, ‘को’ म्हणजे ‘चा’, ‘ले’ म्हणजे ‘ने’, ‘मा’ म्हणजे ‘त’. एवढ्यावर नामांचं काम भागतं.

क्रियापदांचं मात्र भागत नाही, आणि खरी चूक तिथेच होते. ‘गयो’ म्हणजे गेला, ‘गएन’ म्हणजे गेला नाही. नकार शब्दाच्या पोटात असतो; भरभर वाचताना तो ‘न’ निसटला की गोष्ट उलटी होते. तिसरं रूप ‘गएछ’: गेला, पण ते मागाहून कळलं. लोककथांत हा ‘छ’ आणि ‘रहेछ’ पावलोपावली येतात. ‘बाघ त बूढो रहेछ’ याचं मराठी ‘वाघ म्हातारा होता’ असं केलं, तर मजा जाते. ‘वाघ तर म्हातारा निघाला!’ हे बरोबर.

दोन-तीन महिन्यांनी कथाकार गुरुप्रसाद मैनाली घ्यावेत. त्यांच्या ‘नासो’ या कथेचं नाव वाचून नासण्याकडे मन जातं, पण मूळ शब्द आहे ‘न्यास’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. मरणाच्या दारातली सवत आपलं मूल सुभद्रेच्या हवाली करते तेव्हा या एका शब्दावर सगळी कथा तोललेली आहे. ‘परालको आगो’ म्हणजे पेंढ्याची आग: नवरा-बायकोचं भांडण, भडकतं तसंच विझतं. संवाद वाचताना ‘तँ, तिमी, तपाईं’ यांवर नजर हवी. ‘तिमी’ आपल्या ‘तुम्ही’सारखं दिसतं, पण मानाने त्याच्या खालचं आहे.

कोश म्हणून टर्नर या इंग्रज भाषाभ्यासकाचा 1931चा नेपाली व्युत्पत्तिकोश मराठी वाचकाला फार उपयोगी, कारण त्यात अनेक शब्दांची मराठी भावंडं दिली आहेत. अर्थ इंग्रजीत आहेत, तेवढं चालवून घ्यावं. जुन्या पुस्तकांवर विक्रम संवत असतो. इसवी सन काढायला त्यातून 57 वजा करावेत, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत 56.

विश्वेश्वरप्रसाद कोइराला यांच्या कथांत घडतं थोडं, मनात चालतं फार, त्या मैनालींनंतरच. दार्जिलिंगच्या इन्द्रबहादुर राईंना हात घालायची घाई नको. त्यांचं वाक्य अजूनही दोनदा वाचावं लागतं, आणि ते तसं वाचण्याच्या लायकीचं आहे.

थंडीत मात्र ‘स्वस्थानी’ ही व्रतकथा जरूर वाचावी. पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत नेपाळच्या घराघरांत रोज एक अध्याय, असे एकूण 31. भाषा जुनी आहे, पण श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या कानाला तिची चाल लगेच ओळखू येते. मोठ्याने वाचावी.